आधी कटर खाली ठेवा: कोंबड्यांच्या जाळीला दार बसवताना या चुका टाळा

मार्च लागला की माझा फोन वाजायला लागतो. धायरी, नऱ्हे, भूगाव, वाघोली, कुठून ना कुठून कोणीतरी ओळखीचं विचारतं, "ताई, खुराड्यापुढे जाळी मारून घेतली, पण आत जायला दारच ठेवलं नाही. आता काय करू?" चारी बाजूंनी जाळी ताणून झाल्यावर आत जायचं कसं हा प्रश्न पडणारी माणसं पुण्यात इतकी असतील, असं बारा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर मला खोटं वाटलं असतं. पहिले चार दिवस ही मंडळी जाळीचा कोपरा उचलून सरपटत आत जातात. पाचव्या दिवशी कंबर धरते. सहाव्या दिवशी हातात कटर येतो, आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

मी सुतार नाही. नोकरी हिशेबाची केली, कोंबड्या हौसेच्या. आजवर पाच दारं स्वतः उभी केली, त्यातली पहिली दोन स्वतःच उपटून टाकली. तेव्हा खालचं सगळं त्या दोन दारांचं आणि दुसऱ्यांच्या डझनभर दारांचं सार समजा.

भोक आधी, दार मागून

माझा भाचा हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसतो. पौडच्या अलीकडे त्यांची दोन गुंठे जागा आहे, तिथे तो शनिवार-रविवार शेतकरी होतो. आठ-आठ फुटांवर खांब रोवून त्याने षटकोनी कोंबडी-जाळी मारली होती, आणि खरं सांगायचं तर काम झकास होतं. टिचकी मारली तर जाळी झणझणायची. एका रविवारी सकाळी त्याचा फोन. "आत्या, भोक पाडून झालंय. मापं पण घेतली, मिस्त्री मंगळवारी दार आणतोय. बिजागरी कुठली घेऊ तेवढं सांग."

"आणि चौकट?"

"चौकट कशाला? दार तारेनं जाळीलाच अडकवतो ना."

मी कपाळावर हात मारला. ताणलेली जाळी नुसती खांबांवर लटकलेली नसते, तिने खांबांना एकमेकांकडे ओढून धरलेलं असतं. प्रत्येक खांबावर दोन बाजूंनी ओढ असते, म्हणून तो सरळ उभा. मधल्या एका गाळ्यात भोक पाडलं की एका बाजूची ओढ गेली. दुसरी बाजू मात्र ओढतच असते. मंगळवारी मिस्त्री दार घेऊन पोचला तोवर दोन्ही खांब एकमेकांकडे पाठ करून चांगले चार-चार बोटं कलले होते. वरची कड झोळीसारखी खाली आलेली. षटकोनी जाळीचे पीळ कापल्या जागेपासून उसवत गेले, त्यामुळे कडा स्वेटरच्या सुटलेल्या बाहीसारख्या. रविवारी घेतलेलं माप मंगळवारी कशालाच लागू होईना. आणि नऊ गावरान कोंबड्या शेजाऱ्याच्या मेथीच्या वाफ्यात. शेजारी भला माणूस. एक कोंबडी काखेत धरून आला आणि म्हणाला, "वाफ्याचे पैसे नकोत दादा, अंडी इकडे देत जा महिनाभर."

चेनलिंकची जाळी असेल तर आणखी मजा. ती नागमोडी तारा एकमेकींत फिरवून विणलेली असते. मधली एक तार तुटली की विणीची पकड तिथे सैल होते, आणि वरून खालपर्यंत जाळी सुटी व्हायला वेळ लागत नाही.

मी करते ते असं. कुठेही दार हवंसं वाटलं तरी आधी जुना पक्का खांब शोधायचा आणि दार त्याला लागूनच काढायचं. बिजागरीची बाजू तीच. दुसरा खांब नवा, दोन्ही खांबांना जोडणारी डोक्याशी एक आडवी पट्टी आणि खाली उंबरा. ही पूर्ण चौकट जाळीला चिकटून उभी करायची, ओळंबा सोडून बघायचा, दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. कर्ण सारखे नसतील तर पुढे जायचंच नाही. चौकट घट्ट बसली की जाळी तिला चारी बाजूंनी यू-खिळ्यांनी ठोकायची, दर तीन इंचांवर एक. लोखंडी चौकट असेल तर पट्टी आणि नट-बोल्ट. म्हणजे जाळीची सगळी ओढ आता चौकटीवर आली. आणि मग, आत्ता, कटर उचलायचा. कापायचं तेही चौकटीच्या कडेला लागून नाही. दोन इंच जाळी आत सोडायची आणि ती मागे दुमडून लाकडावर ठोकायची, म्हणजे टोकं हाताला लागत नाहीत आणि वीणही उसवत नाही. मोकळी टोकं तशीच ठेवणाऱ्यांचे हात मी पाहिलेत. धनुर्वाताचं इंजेक्शन कटरपेक्षा स्वस्त असतं, पण म्हणून ते घ्यायची वेळ आणायलाच हवी असं नाही.

नवा खांब काँक्रीटमध्ये घातला तर त्याला निदान सात दिवस पाणी मारा आणि तोवर दार टांगू नका. हे वाक्य मी दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी कोणीतरी दुसऱ्या दिवशी दार टांगतं. "सुट्टी उद्याच संपते" हे कारण सिमेंटला समजत नाही. खड्डा दीड-दोन फूट हवा. मुरुमाची जमीन असेल तर पहारीने घाम निघतो, पण खांब एकदा बसला की बसला. काळ्या मातीत उलटं आहे. खणायला लोणी, पण ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खांबाला बरोबर घेऊन हलते. काळी माती असेल तर खड्डा खोल घ्या आणि खाली खडी-मुरूम कुटून भरा. नाहीतर मे महिन्यात गुळगुळीत लागणारं दार ऑगस्टमध्ये खांद्याने ढकलावं लागेल.

खालची फट

ही माझी स्वतःची चूक, तेव्हा सविस्तर सांगते.

माझ्या दुसऱ्या दाराखाली बोटभर फट होती. मुद्दाम ठेवलेली, दार जमिनीला घासू नये म्हणून. बोटभर फटीतून काय येणार? काहीच आलं नाही, पावणेदोन महिने. पण कोंबड्या धुळीत अंघोळ करतात आणि त्यासाठी कोरडी भुसभुशीत जागा उकरतात. माझ्या आवारात तशी जागा नेमकी दाराशी होती, कारण तिथे माझं येणं-जाणं आणि वर पत्र्याची वळचण. बोटभर फट त्यांनी उकरून उकरून मूठभर केली. मी रोज त्या दारातून जात होते आणि मला दिसलं नाही. दिसलं ते मुंगसाला.

लोकांना वाटतं धोका रात्रीचा. रात्रीचे चोर वेगळे: बोका, उदमांजर, भटकी कुत्री, आणि जमीन पोखरणाऱ्या घुशी. मुंगूस दिवसाढवळ्या येतं. पुण्यातली दुकानं एक ते चार बंद असतात हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं, कारण मी जेवून आडवी झाले आणि ते आलं. अडीचला कालवा ऐकून धावले तेव्हा अकरातल्या चार गेल्या होत्या, आणि एकही नेलेली नव्हती, नुसत्या मानेशी चावून टाकलेल्या. पाचवी संध्याकाळी गेली. ती माझी सगळ्यात जुनी, हाताने दाणे खाणारी. असो.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक दाराला आठ इंच उंच उंबरा असतो, आणि त्या उंबऱ्याखाली जमिनीत फूटभर खोल वेल्डमेश, म्हणजे सांध्यांना वेल्डिंग केलेली ताठ जाळी, पुरलेली असते, अर्ध्या इंचाच्या चौकोनांची. ज्याला खणायचा कंटाळा आहे त्याने बाहेरच्या अंगाला दोन फूट जाळी आडवी अंथरून वर दगड-माती टाकावी. उकरणारा प्राणी कडेलाच उकरतो, पायाखाली जाळी लागली की मागे सरून खणायचं त्याला सहसा सुचत नाही. दार उंबऱ्यावर टेकतं, जमिनीशी त्याचा संबंधच येत नाही. आतलं तूस, शेणकूट, पाणी बाहेर येत नाही हा वरचा फायदा. "येता-जाता पाय अडखळेल" अशी तक्रार येते. अडखळू दे. चार दिवसांत पाय शिकतो. आपल्या आज्या आयुष्यभर उंबरे ओलांडत होत्या, एकीनेही कधी तक्रार केली नाही.

याच चुकीचं भावंड म्हणजे एकच कडी, तीही छातीच्या उंचीवर. हलक्या चौकटीचं दार मध्ये बंद असलं तरी खालचा कोपरा दाबला की दोन-तीन इंच लवतं, आणि कुत्र्याच्या नाकाला तेवढं पुरतं. करून बघा: कडी लावा आणि खालच्या कोपऱ्याला पायाने हळूच ढोसा. लवलं? मग खाली दुसरी कडी हवी. मी वर कडी-कोयंडा आणि खाली अलड्रॉप, म्हणजे आडवी सरकवायची जाड कडी, लावते. नुसती वर-खाली होणारी खिट्टी नको, ती धक्क्यांनी निसटते.

तिरकस पट्टी, उलटी मारलेली

दार लोंबतं ते बहुतेक वेळा बिजागरीमुळे नाही, तिरकस आधारामुळे. लाकडी पट्टी दाबाला तग धरते, म्हणून ती खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून वर कडीच्या कोपऱ्याकडे जायला हवी. कडीकडच्या बाजूचं वजन ती खाली बिजागरीत ढकलते. नव्वद टक्के लोक ती उलटी मारतात, कारण तशी दिसायला बरी दिसते म्हणे. उलटी पट्टी त्या वजनाखाली सांध्यातून सुटू बघते, आणि सहा महिन्यांत दाराचा कोपरा उंबऱ्यावर घासायला लागतो. तारेने ताणायचं असेल तर मात्र दिशा बरोबर उलटी: वरच्या बिजागरीपासून खालच्या कडीच्या कोपऱ्यापर्यंत, मध्ये टर्नबकल, म्हणजे फिरवून तार ताणायचा स्क्रू. तार ओढाला चालते, दाबाला नाही. आमचे मिस्त्री हे एका वाक्यात सांगतात: "लाकडाला उभं करा, तारेला लटकवा."

दाराच्या पल्ल्यावर षटकोनी जाळी मारू नका. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. बाकी आवाराला ती असेल तर असू दे, परवडत नाही हे मला कळतं, पण खालचे दोन फूट आणि दार तरी वेल्डमेशचं करा. प्लास्टिकचे केबल टाय पुण्याच्या एका उन्हाळ्यात तडकतात, बांधणीची तार वापरा. जस्ताची जाळी लोखंडी चौकटीला वेल्डिंगने चिकटवायला निघालेल्या फॅब्रिकेटरला थांबवा: जस्त जळतं, गंज तिथूनच धरतो, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. चौकट आधी जोडा, रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारा, जाळी पट्टीखाली दाबून बोल्टने धरा.

दार दोन फुटांचं करून पैसे वाचवणाऱ्यांनी त्या दोन फुटांतून भरलेलं घमेलं कमरेवर घेऊन एकदा जाऊन दाखवावं. माझी चौकट आतून तीस इंच रुंद आणि सहा फूट उंच. लाकडी पल्ला उन्हाळ्यात कापत असाल तर तिन्ही बाजूंना पेन्सिलीच्या जाडीएवढी फट ठेवा, जुलैत लाकूड ती भरून काढतं. दार पश्चिमेला काढू नका, आपल्याकडे पावसाचे सपकारे तिकडूनच येतात. सहा फुटी पल्ल्याला दोन नाही, तीन बिजागऱ्या. मी नव्या घेत नाही. जुन्या बाजारात वाड्यांच्या दारांच्या जड बिजागऱ्या मिळतात, रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवल्या की पुढची तीस वर्षं कुरकुरत का होईना चालतात. बाकी किरकोळ खरेदी बोहरी आळीत आणि लाकूड भवानी पेठेत टिंबर मार्केटला. कापून मागा, गोणीभर ढलप्या फुकट मिळतात, अंड्यांच्या घरट्यात कामी येतात.

दार आत उघडावं की बाहेर, यावर भांडणं होतात. आत उघडलं तर निसटणारी कोंबडी दाराबरोबर मागे ढकलली जाते, हे खरं. पण आत तुसाचा थर वाढत जातो आणि दार अडायला लागतं. मग लोक दार खालून कापतात, आणि आपण परत फटीवर येतो. मी बाहेर उघडते. कोंबड्या निसटू नयेत म्हणून उंबरा आहेच, आणि हातात दाण्याचं भांडं असलं की त्या माझ्यामागे येतात, बाहेर जात नाहीत. ज्या दोघी तरी जातात त्यांच्यावर डालगं टाकायचं. तिन्हीसांजेला त्या आपणहून परततात, तुम्ही मागे पळालात तर मात्र रात्र होते.

राहिली आतली दोरी. कडी बाहेरून आहे आणि तुम्ही आत आहात, हे एकदा डोळ्यांपुढे आणा. भोक पाडून कडीला बांधलेली सुतळी आतल्या बाजूला ओढून ठेवायची, इतकंच काम. मी ते "उद्या करते" म्हणून ठेवलं होतं. वाऱ्याने दार आपटलं, कडी पडली, आणि मी अंड्यांची टोपली घेऊन आत, फोन ओट्यावर. पाऊण तासाने शेजारच्या काकू गच्चीवर कपडे काढायला आल्या. हाका ऐकून खाली आल्या, जाळीपाशी उभ्या राहिल्या, पोटभर हसल्या, घरी जाऊन फोन आणून माझा फोटो काढला, आणि मग कडी काढली.