सफरचंदाखालची पानं उचलली का?

पानं गळली, फांद्या उघड्या पडल्या, आता पालवी फुटेपर्यंत झाडाकडे बघायला नको, असं घरी एक-दोन सफरचंदाची झाडं लावणाऱ्या बहुतेकांना वाटतं. पुढच्या वर्षीचं फळ तिथंच हातचं जातं. आधी झाडाखाली एक फेरी मारा. गळलेली पानं तिथंच पडून असतील तर ती उचला, मग सवडीनं पुढचं वाचा.

खपली रोग, ज्याला सगळे स्कॅब म्हणतात, तो कुठून आला असं विचारलं की लोक आभाळाकडे बोट दाखवतात. पाऊस लागला म्हणून रोग आला. पाऊस निमित्त आहे. व्हेंच्युरिया इनइक्वालिस नावाची ही बुरशी थंडीचे महिने गळलेल्या पानाच्या पोटात काढते. पालवीच्या सुमारास झाडाखालचं एखादं जुनं ओलं पान उचलून उजेडाकडे धरा, भिंग असेल तर भिंगातून बघा. पान काळपट करडं झालेलं असतं, शिरा वर आलेल्या असतात आणि मधेमधे टाचणीच्या टोकाहूनही बारीक काळे ठिपके दिसतात. बोट फिरवलं तर किंचित खरखरीत लागतं. त्या प्रत्येक ठिपक्यात बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, भरलेले असतात. पावसानं पान भिजलं की हे ठिपके फुगून बीजाणू वर हवेत फेकतात, आणि वर हातभर अंतरावर कोवळी पालवी तयारच असते. फांदीवरच्या डोळ्यातून हिरवं टोक दिसल्यापासून पाकळ्या गळून काही आठवडे होईपर्यंत हे चालू राहतं. गुलाबी कळी ते पाकळीगळ या दिवसांत जोर सगळ्यात जास्त.

एका घरी परसात तीन झाडं होती. मालकानं काहीही कमी केलं नव्हतं. फवारण्या झाल्या होत्या, दुकानदारानं दिलेलं टॉनिक, औषध पानाला चिकटावं म्हणून सिलिकॉनचं स्टिकर, 'इम्युनिटी बूस्टर' लिहिलेली एक बाटली, सगळं झालं होतं. पानाच्या खालच्या अंगाला आणि कोवळ्या फळाच्या देठाशी शेवाळी रंगाचे मखमली डाग होते. पुढे ते तपकिरी होऊन फळ तडकलं, पानं पिवळी पडून भर हंगामात गळाली. मी खाली बघितलं तर गेल्या वर्षीच्या पानांचा थर गवतात तसाच होता, पाऊल टाकलं की दबणारा. "खत होईल म्हणून ठेवली," ते म्हणाले. हेच उत्तर मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता झाडाकडे बघायच्या आधी मी खाली बघतो. सफरचंदाचं पान खत होण्याआधी रोगाचं बियाणं होतं.

आता काय करायचं ते नीट सांगतो, कारण अर्धवट केलेलं हे काम न केल्यासारखंच आहे.

पानं दाताळ्यानं ओढून एकत्र करा. फांद्यांच्या घेराच्या बाहेरही दोन-तीन पावलं जा, वारा पानं लांब नेतो. कुंपणाच्या कडेला, पाण्याच्या टाकीमागे, कुंड्यांच्या फटीत अडकलेली पानं विसरू नका. बुंध्याजवळचं आच्छादन पानांनी मिसळलेलं असेल तर तेही काढा आणि नंतर स्वच्छ आच्छादन घाला. गोळा केलेली पानं खड्ड्यात टाकून वर किमान वीतभर माती दाबा. घरच्या खतखड्ड्यात घालायची असतील तर तो हाताला चटका देण्याइतका तापतो का ते आधी बघा. बहुतेक घरचे ढीग तापत नाहीत, आणि थंड ढिगातली पानं झाडाजवळ ठेवली तर आपणच रोग सांभाळून ठेवल्यासारखं होतं.

सगळी पानं हाती लागणार नाहीत, म्हणून युरिया. पाच टक्के, म्हणजे 10 लिटर पाण्यात 500 ग्रॅम. पानगळ सुरू होताना एकदा झाडावर, आणि पानं पडून गेल्यावर एकदा जमिनीवरच्या उरलेल्या पानांवर, चांगली भिजतील अशी फवारणी. युरियामुळे बुरशीची वाढ अडते, पान मऊ पडतं, जिवाणू ते लवकर खातात आणि गांडुळं ओढून बिळात नेतात. ही साधी गोष्ट आहे, कुठल्याही महाग डब्यात मिळत नाही. दुकानात तुम्हाला कोणी ती सुचवणारही नाही. एकच खबरदारी: हे प्रमाण पानगळीच्या वेळेसाठीच आहे. हिरव्या, वाढत्या पालवीवर पाच टक्के युरिया मारला तर पानं करपतील.

माझा एक अनुभव, त्याला पुरावा म्हणून नको, अंदाज म्हणून घ्या. जमिनीवरची युरियाची फवारणी मी संध्याकाळी, दव पडायच्या आधी करतो. पान रात्रभर ओलं राहतं आणि युरिया आत मुरतो असं मला वाटतं. कोरड्या दुपारी मारलेली पानं मला नंतर तितकी कुजलेली दिसली नाहीत.

उबदार भागात अॅना किंवा डॉर्सेट गोल्डनसारखी कमी थंडीत येणारी झाडं लावणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथं थंडी पुरेशी पडत नाही, पानं झाडावरच राहतात आणि जुन्या डागाळलेल्या पानांच्या शेजारी नवी पालवी फुटते. झाडाला विश्रांती द्यायच्या वेळी ही जुनी पानं हातानं काढून टाका. फांदीवर हात मागे ओढून ओरबाडू नका, त्यानं डोळे मोडतात. देठाशी धरून पान वरच्या बाजूला वळवलं की सुटतं. खाली आधी जुनी चादर अंथरली तर उचलायचं काम वाचतं.

आता फवारणीचं. पावसाच्या अंदाजावर लक्ष ठेवा, कारण इथं तास मोजावे लागतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या डब्ल्यू. डी. मिल्स यांनी 1940 च्या दशकात पान किती तास ओलं राहिलं तर स्कॅब लागतो याचं कोष्टक मांडलं. त्यांच्या हिशोबानं 16 ते 24 अंश सेल्सिअसला साधारण 9 तास, 10 अंशांना सुमारे 14 तास. पुढच्या अभ्यासकांनी हे तास आणखी कमी केले, म्हणून मी तर सहा तासांनाच सावध होतो. रात्री पाऊस झाला आणि सकाळी दहालाही पानावर पाणी असेल तर लागण झाली असं धरून चाला. डाग दिसायला 9 ते 17 दिवस जातात. डाग दिसल्यावर पळापळ करून मारलेलं औषध पुढची पानं वाचवतं, डागाळलेली नाही.

संरक्षक बुरशीनाशक पावसाच्या आधी पानावर असायला हवं. कॅप्टान 50 टक्के किंवा मॅन्कोझेब 75 टक्के, यांपैकी कोणतंही एक, 10 लिटर पाण्याला 30 ग्रॅम. तुमच्याकडे त्याला परवानगी आहे का, आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे डब्यावरच्या लेबलवर बघा. तिथं वेगळं प्रमाण दिलं असेल तर लेबलचंच धरा. हिरवं टोक, गुलाबी कळी, पाकळीगळ या तीन टप्प्यांवर नजर ठेवा आणि दोन फवारण्यांत हवा ओली असेल तर 7 ते 10 दिवसांचं अंतर धरा. फुलं उमललेली असताना कीटकनाशक अजिबात नको, मधमाश्या मेल्या तर फळच धरणार नाही. जिथं खालची पानं खरोखर उचलली जातात तिथं यातल्या एक-दोन फवारण्या मी सोडून देतो, आणि आजवर पस्तावलो नाही. पण ज्यांनी पानं उचललेली नाहीत त्यांनी ही सूट घेऊ नये.

एकाच वेळी चार डबे मिसळून देणारा दुकानदार भेटला तर काही न घेता घरी या, एक रात्र जाऊ द्या. आंतरप्रवाही औषधं, म्हणजे पानात शिरणारी, वर्षात पुन्हा पुन्हा वापरली की बुरशी त्यांना सरावते. स्कॅबच्या बाबतीत हे अनेक ठिकाणी घडून चुकलंय. ज्या औषधावर 'नवीन' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय ते तुमच्या तीन झाडांना लागतंच असं नाही.

जमिनीवरच्या पानाचा नियम एका रोगाला लागू होत नाही, तो म्हणजे भुरी. ती डोळ्यांच्या आत थंडी काढते. पालवी फुटताना एखादा शेंडा चंदेरी-पांढरा, आखडलेला, पानं चिंचोळी असा निघाला की तो निरोगी भागापर्यंत कापून पिशवीत टाका. कापताना पिशवी आधी शेंड्यावर चढवा म्हणजे भुरीचं पांढरं पीठ उडत नाही. भुरीला पाऊस लागत नाही, कोरड्या दिवसांत, दमट रात्रींतही ती वाढते. पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक 10 लिटरला 20 ते 30 ग्रॅम चालतं, मात्र 30 अंशांच्या वर ऊन तापत असेल तर मारू नका, पानं भाजतील.

आणि पावसाळी उन्हाळ्यात पानं पिवळी होऊन सटासट गळतात, फळं झाडावर उघडी राहतात, ते बहुधा मार्सोनिना नावाच्या बुरशीचं काम. पानाच्या वरच्या बाजूला गडद, कडा पसरट असलेले डाग, त्यांत काळे कण, आणि पिवळ्या पानावर मधेच हिरवे पट्टे. लोक याला पाणी कमी पडलं किंवा अन्नद्रव्य कमी पडलं समजून खतं ओततात. ही बुरशीही थंडी गळलेल्या पानांतच काढते. म्हणजे पुन्हा तेच दाताळं.

किडींचं थोडक्यात, कारण घरच्या झाडावर बऱ्याचशा किडी हातानं आवरतात.

लोकरी मावा: छाटणीच्या जखमा आणि बुंध्याचा खालचा भाग इथं कापसासारखे पुंजके. बोटानं चिरडला की लालसर रस निघतो. खरखरीत ब्रशनं साबणपाणी लावून घासा. त्याच्यावर जगणारी अॅफेलिनस माली नावाची इवलीशी गांधीलमाशी असते. मरून काळा पडलेला, पाठीवर गोल भोक असलेला मावा दिसला तर ती कामावर आहे, फवारणी थांबवा.

मावा: शेंड्याची पानं आत वळतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर मावा आहे असं मी न बघताच समजतो. कोवळे शेंडे चिमटून टाका, खोडाला चिकटपट्टी बांधून मुंग्या अडवा.

लाल कोळी: पानावर कांस्यासारखी झाक. बहुतेक वेळा हा कडक कीटकनाशकांचा प्रताप असतो, त्यानं कोळ्यांना खाणारे कीटक मरतात. विश्रांतीच्या शेवटी, डोळे फुगताना बागायती खनिज तेल दोन टक्के, 10 लिटरला 200 मिली. सॅन होजे खवले किडीलाही हेच लागू. तेल आणि गंधक किंवा कॅप्टान यांच्यात किमान दोन आठवडे सोडा, नाहीतर पानं जळतात.

कॉडलिंग पतंग, जिथं तो आहे तिथं: फळाला छिद्र आणि बाहेर तपकिरी भुसा, आत गाभ्यापर्यंत पोखरलेलं. पडलेलं प्रत्येक फळ त्याच दिवशी उचला. अळी फळातून निघून साल-फटीत कोष करायला जाते, म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला खोडाला पन्हळी पुठ्ठ्याचा चार बोटं रुंद पट्टा बांधा आणि काही आठवड्यांनी तो काढून नष्ट करा. फळं बोराएवढी असताना विरळणी करून प्रत्येकाला कागदी पिशवी चढवली तर घरच्या झाडाला यापेक्षा चांगला उपाय मला ठाऊक नाही.

थंडीतली नेहमीची कामं:
वाळकी, रोगट, एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढणे.
झाडावर सुकून लटकलेली फळं काढणे.
मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप.
डोळे फुटण्याआधी एक टक्का बोर्डो: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 10 लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी खिळा बुडवून तांबूस थर आला तर चुना वाढवा. त्याच दिवशी संपवा.
हिरवं टोक पुढे सरकल्यावर बोर्डो बंद, फळाची साल खरबरीत होते.
पंपाची जाळी आणि नोझल धुणे.
आळं मोकळं, पाणी साचू न देणे.

येत्या पावसाआधी पानांचं काम आटोपा. पानं ओली असतील तरी उचला. ओली पानं दाताळ्याला चिकटतात, झटकून झटकून काढावी लागतात, हात गार पडतात, पण वाळायची वाट बघितली तर ती गवतात रुतून बसतील आणि निम्मी मागे राहतील. एक फेरी झाली की आठवड्यानं दुसरी मारा, शेवटची पानं उशिरा पडतात. पालवी फुटल्यावर खालच्या आतल्या फांद्या आधी तपासा, जिथं सकाळचं ऊन उशिरा पोचतं. पहिला डाग मला नेहमी तिथंच सापडलाय, पानाच्या खालच्या बाजूला.