बाळाच्या चेहऱ्यावरील लाल गाठ: केव्हा वाट पाहावी, केव्हा पाहू नये

तान्ह्या बाळाच्या डोक्यावर, चेहऱ्यावर किंवा मानेवर उठणारी लाल, मऊ गाठ ही बहुधा रक्तवाहिन्यांची, कर्करोग नसलेली गाठ असते आणि डॉक्टर तिला इन्फंटाइल हिमँजिओमा म्हणतात. ती आपोआप विरते हे खरे. परंतु यातील बहुतेक गाठी तिसऱ्या महिन्यापर्यंतच अंतिम आकाराच्या सुमारे ८० टक्के वाढलेल्या असतात, विरायला मात्र वर्षे लागतात. म्हणून शंका येताच, शक्यतो पहिल्या महिन्यातच, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

निदान मुख्यतः गाठ केव्हा दिसली आणि कशी वाढली यावरून होते. जन्मतः त्वचा स्वच्छ असते किंवा फिकट खूण असते आणि पहिल्या काही आठवड्यांत गाठ झपाट्याने फुगते. त्वचेखाली खोल असलेली गाठ निळसर दिसते व उशिरा लक्षात येते. याउलट, बाळाबरोबर त्याच प्रमाणात वाढणारा आणि कधीच न विरणारा डाग हा बहुधा रक्तवाहिन्यांच्या रचनेतील जन्मजात दोष असतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. दर आठवड्याला सारख्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र काढून ठेवावे. शंका उरल्यास डॉप्लर सोनोग्राफी (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केली जाते. तुकडा काढून तपासण्याची वेळ क्वचितच येते. (आईने ग्रहण पाळले की नाही, याचा येथे काहीही संबंध नाही.)

जागा सर्वांत महत्त्वाची. पापणीवरील गाठीमुळे दृष्टीची वाढ खुंटू शकते, ओठावरील गाठ चिघळते, नाकाच्या शेंड्यावरील गाठ आकार बिघडवते. हनुवटी, जबडा आणि गळ्याचा पुढचा भाग व्यापणारी गाठ असेल, तर श्वासनलिकेतही तशीच गाठ असू शकते. अशा बाळाचा श्वास घरघरू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. चेहऱ्याचा मोठा भाग व्यापला असल्यास मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय आणि हृदयाची टुडी इको तपासणी लागते.

औषधाची गरज असल्यास पहिली निवड प्रोप्रॅनोलॉल ही आहे. २००८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी, अन्य कारणासाठी हे औषध दिलेल्या बाळांची गाठ मऊ पडत असल्याचे नोंदवले आणि तोवर प्रचलित असलेली स्टेरॉइड्स मागे पडली. डॉक्टर सहसा दररोज किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम, विभागून, किमान सहा महिने देतात. सुरुवातीला नाडी व रक्तदाब तपासतात. घरी पाळायचा नियम असा की डोस दूध पाजतानाच किंवा पाजल्यावर लगेच द्यावा, आणि बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील किंवा छातीत सूं-सूं वाजत असेल, तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवावे, कारण या औषधाने उपाशीपोटी रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते आणि श्वासनलिका आकसू शकतात. लहान, पातळ गाठीवर टिमोलॉल या त्याच गटातील औषधाचे थेंब पुरतात, पण तेही मनाने लावू नयेत.

विरल्यानंतर सैल त्वचा किंवा बारीक रक्तवाहिन्या उरल्यास लेझर किंवा शस्त्रक्रियेचा विचार बहुधा तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या दरम्यान केला जातो.