लहान चिपवरचा कोड आटोपशीर करण्यासाठी लिबजीसीसीचा वापर

सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतील एखाद्या कारखान्यात, यंत्रमागावर बाण्याचे धागे मोजून टॉवेलची लांबी दाखवणारा काउंटर बसवायचा असेल, तर अर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डावरील एटीमेगा ३२८पी ही चिप पुरते. मात्र तिची फ्लॅश, म्हणजे प्रोग्रॅम साठवण्याची जागा, अवघी ३२ केबी असल्याने डिस्प्ले आणि मेमरी कार्डाच्या लायब्रऱ्या जोडताच जागा आटू लागते.

या चिपला गुणाकाराची आज्ञा आहे, भागाकाराची नाही. त्यामुळे कोडमध्ये भागाकार आला की जीसीसी हा कंपाइलर (कोडचे चिपच्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) बहुधा आपल्यासोबतच्या लिबजीसीसी या रनटाइम लायब्ररीतील, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या फंक्शनांच्या संग्रहातील, तयार फंक्शनला कॉल घालतो. भागाकार दहा ठिकाणी असला तरी ते फंक्शन फ्लॅशमध्ये एकदाच येते. अडचण प्रकारांची आहे: १६ बिटी व ३२ बिटी, चिन्हासह व चिन्हाविना अशा प्रत्येक भागाकाराचे फंक्शन वेगळे असते आणि फ्लोट, म्हणजे दशांशी संख्या, वापरल्यास तिच्या फंक्शनांची मोठी फौज येते. म्हणून प्रथम लिंकरकडून (कोडचे तुकडे आणि लायब्ररी एकत्र जोडणाऱ्या प्रोग्रॅमकडून) मॅप फाइल, म्हणजे जोडलेल्या भागांची यादी, काढून कोणती फंक्शने आत आली ते पाहावे. लांबी मिलिमीटरमध्ये, चिन्हाविना पूर्णांकात ठेवली, तर यांतील बरीच गळतात. माझ्या मते कोणताही पर्याय बदलण्याआधी हेच करावे.

त्यानंतर कंपाइलरला, कोडचा आकार घटवणाऱ्या ‘ओएस’ (-Os) ऑप्टिमायझेशनच्या जोडीला ‘एमकॉल-प्रोलॉग्ज’ (-mcall-prologues) हा पर्याय द्यावा. एव्हीआरवर, म्हणजे ही चिप ज्या कुळातली आहे त्यावर, फंक्शनला १८ रजिस्टरे (चिपमधले छोटे तात्पुरते कप्पे) जपून परत द्यावी लागू शकतात. रजिस्टर जपून ठेवणाऱ्या प्रत्येक पुश आज्ञेला २ बाइट धरता सुरुवातीला ३६ आणि शेवटी ती परत आणणाऱ्या पॉपचे तेवढेच बाइट खर्ची पडतात. या पर्यायाने पुशची सलग रांग लायब्ररीत एकदाच राहते. फंक्शन परतीचा पत्ता आणि फ्रेमचा (स्वतःच्या तात्पुरत्या माहितीसाठीच्या जागेचा) आकार चार लोड आज्ञांनी भरून, हवी तेवढीच रजिस्टरे जपली जातील अशा बेताने त्या रांगेच्या मधोमध उडी घेते. एवढ्याला १० ते १२ बाइट लागतात. अर्थात मोजकी रजिस्टरे वापरणाऱ्या फंक्शनात यातून काही वाचत नाही आणि तेथे कंपाइलर सहसा जुनीच रीत ठेवतो. वेग थोडा घटतो, पण धागा मोजणाऱ्या इंटरप्ट फंक्शनाला (बाहेरचा संकेत येताच चालू काम थांबवून धावणाऱ्या फंक्शनाला) हा बदल लागू होत नाही. लायब्ररीतील ती रांगही जागा घेतेच, त्यामुळे छोट्या प्रोग्रॅमचा आकार उलट वाढूही शकतो. आधीचा व नंतरचा आकार ‘एव्हीआर-साइझ’ (avr-size) या साधनाने ताडून पाहावा.

नेहमीच्या लायब्ऱ्या वगळणारा ‘नोएसटीडीलिब’ (-nostdlib) हा पर्याय देऊन लिंक केल्यास भागाकाराचे फंक्शन सापडत नसल्याची त्रुटी येते; तेव्हा लिबजीसीसी स्वतः जोडावी, आणि तीही सर्व ऑब्जेक्ट फाइलींच्या (कंपाइल झालेल्या कोडच्या तुकड्यांच्या) नंतर.

तयार काउंटर विकायचा असल्यास परवान्याची धास्ती नको. लिबजीसीसी जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली असली तरी तिला रनटाइम लायब्ररीची खास सवलत आहे, त्यामुळे जीसीसीने नेहमीच्या रीतीने कंपाइल केलेल्या आपल्या प्रोग्रॅमचा सोर्स केवळ ती जोडल्यामुळे खुला करावा लागत नाही.