थिसिसचा विषय नव्हे, प्रोफॉर्मा आधी

मेडिसिनला जेआर-वन (एमडीच्या पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर) म्हणून रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात सगळे विचारतात, "थिसिसला काय घेतलंस?" मी सर्पदंश घेतला. कोकणातलं हॉस्पिटल, पावसाळ्यात फुरशाचे पेशंट सतत यायचे, विषय शोधावा लागलाच नाही. चूक पुढे झाली.

प्रोफॉर्मा, म्हणजे प्रत्येक पेशंटची माहिती भरायचा फॉर्म, मी एका रात्रीत बनवला, सीनियरच्या जुन्या थिसिसवरून. त्यात 'दंशाची वेळ' असा रकाना होता. साप चावल्यापासून एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) सुरू होईपर्यंत गेलेला वेळ आणि त्याच्या एकूण लागलेल्या व्हायल (बाटल्या) यांचा संबंध मला बघायचा होता. चाळीसेक पेशंट झाल्यावर मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटचा एकत्र तक्ता) भरायला बसले आणि त्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं दिसलं: 'सकाळी', 'संध्याकाळी', 'भात लावताना'. यातून तास-मिनिटं कशी काढणार? पेशंटना फोन लावले. कुणाचा नंबर शेजाऱ्याचा, कुणाचा गाडीवाल्याचा. निम्म्याहून जास्त नोंदी त्या विश्लेषणातून गेल्या.

गाइड मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी एक्सेलची शीट बनव. मग परवानगी घेऊन एमआरडीतून (जुन्या नोंदींच्या विभागातून) पाच जुने केस पेपर काढ आणि त्यावरून प्रोफॉर्मा भरून बघ. जिथे अडखळशील तिथे रकाना बदल." नवीन रेसिडेंटना मी पहिल्यांदा हेच सांगते, आणि पाचाऐवजी दहा काढा म्हणते.

पीजींना (पदव्युत्तर विद्यार्थ्यांना) सक्तीचा असलेला बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आहे. ऑनलाइनच असतो. मी तो सर्टिफिकेटपुरता उरकला होता. या प्रकारानंतर तीच लेक्चर्स स्वतःची सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) शेजारी उघडी ठेवून पुन्हा ऐकली, तेव्हा सॅम्पल साइज (किती पेशंट घ्यायचे), बायस (निष्कर्ष एका बाजूला झुकवणारी चूक) हे शब्द माझ्या पेशंटबद्दल बोलायला लागले. म्हणून हा कोर्स सिनॉप्सिस लिहिता लिहिताच करा. एथिक्स कमिटीची मंजुरी येण्याआधी एकही पेशंट घेऊ नका. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायलची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी झालेली हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

पोस्ट-ड्युटी, म्हणजे लांबलचक ड्युटी संपल्या संपल्या, थिसिस लिहायला बसू नका, त्या वेळी आकडे चुकतात. आमच्या युनिटमध्ये दोघी-दोघींनी आठवड्यातून दोन तास एकमेकींचा वॉर्ड सांभाळायचं ठरवलं. माझा रिसर्च पेपर झाला तो त्या दोन तासांत. लेखकांचा क्रमही पहिल्याच मीटिंगमध्ये ठरवून लिहून ठेवा. आणि 'पैसे भरा, आठवड्यात छापू' असे जर्नल्सचे मेल येतील, त्यांना उत्तर देऊ नका. तिथे गेलेला चांगला डेटा पुन्हा दुसरीकडे देता येत नाही.

मोठं कॉलेज नाही म्हणून रिसर्च जमणार नाही, असं कुणी म्हणालं की मला डॉ. हिंमतराव बावस्कर आठवतात. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या पेशंटच्या उशाशी बसून त्यांनी घाम, गार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब टिपला. १९८२ साली ते निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये आलं, आणि पुढे प्राझोसिन या औषधाने मृत्यू कमी करता येतात हे त्यांनी दाखवलं.

आता आमच्या सर्पदंशाच्या प्रोफॉर्मात वेळेचे चार रकाने आहेत: दंश, हॉस्पिटलमध्ये आगमन, वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी, पहिली व्हायल. सगळे चोवीस तासांच्या घड्याळात. वेळ नक्की सांगता येत नसेल तर इंटर्न नातेवाइकाला विचारतो, "तेव्हा सकाळची एसटी गेली होती का?" आणि एसटीची वेळ लिहून पुढे 'अंदाजे' अशी खूण करतो.