आजीची कामं वाटून द्या

परदेशात लहान मूल वाढवणारे बहुतेक जण आजीच्या जागी एक माणूस शोधत असतात. कधी शेजारीण, कधी मैत्रीण, कधी पगारी बाई, नाहीतर व्हिसा संपेपर्यंत खुद्द आजीच. असं एक माणूस मिळणं कठीण, आणि मिळालं तरी ते टिकत नाही. घरात आजी एकटी दिसते, पण काम पाच-सहा जणांचं करत असते. ताप बघून 'थांबा' की 'न्या' ते सांगणं, आई आंघोळीला गेली की मूल धरणं, कानावर सतत भाषा पडू देणं, कोणती लस कधी झाली ते लक्षात ठेवणं, आणि सुनेला किंवा लेकीला 'जा, झोप' म्हणणं. ही कामं सुटी करायची आणि एकेक वेगवेगळ्या ठिकाणी सोपवायची. काही माणसांकडे जातील, काही फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाकडे.

आमची दोन मुलं, नवऱ्याची रात्रपाळी, आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा विमानाच्या अंतरावर. आमच्याकडे जे चालतं तेच सांगते.

रात्रीचा ताप

हे काम सगळ्यात आधी सोपवा, कारण बाकीची थोडी लांबली तरी चालतात. घ्यायच्या दोन वस्तू: काखेत लावायचा साधा डिजिटल थर्मामीटर आणि एक वही.

बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप 38 अंश सेल्सियस किंवा त्याच्या वर गेला, तर औषध देऊन वाट बघायची नाही. रात्रीचे तीन वाजलेले असोत, फोन उचलायचा. त्याहून मोठ्या मुलाच्या बाबतीत आकड्याइतकंच मुलाकडे बघा. उठवल्यावर उठतंय का, नजरेला नजर देतंय का, घोट-घोट तरी पितंय का, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय का, सहा-आठ तासांत लघवी झाली का, रडताना डोळ्यांत पाणी येतंय का. अंगावर पुरळ असेल तर काचेचा पारदर्शक ग्लास त्यावर दाबून बघा. दाबूनही डाग पुसट होत नसतील तर थेट इमर्जन्सी नंबर फिरवा.

वहीत ताप सेल्सियस आणि फॅरनहाइट दोन्हीत लिहा. घरी फोन केला की 'शंभरच्या वर आहे का?' विचारतात आणि डॉक्टर अडतीसच्या भाषेत बोलतात. रात्री अर्धवट झोपेत हा हिशोब जमत नाही. 38 म्हणजे 100.4, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता पॅरासिटामॉल. सिरप देशोदेशी वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं: कुठे 5 मिलीत 120 मिलिग्रॅम, कुठे 160, कुठे 250. डोस मुलाच्या वजनावर ठरतो, साधारण किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त 150. हे 120 वाल्या बाटलीतून सव्वासहा मिली होतं आणि 250 वाल्या बाटलीतून फक्त तीन. म्हणून बॅगेतून आणलेली बाटली आणि इथली बाटली एका कप्प्यात ठेवू नका. एकच ठेवा, आपल्या मुलाच्या वजनाला किती मिली ते डॉक्टरांकडून एकदा विचारून घ्या आणि जाड मार्करने बाटलीवरच लिहा. वजन वाढलं की आकडा बदला. चमचा वापरू नका, औषधाची पिचकारी वापरा. आणि अमेरिकेतल्या बाटलीवर 'असिटामिनोफेन' दिसलं तर ते हेच औषध आहे. दोन वेगळी औषधं समजून दोन्ही देणारे पालक मी पाहिलेत.

दिल्याबरोबर वहीत तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजता, किती मिली, कुणी दिलं. आमच्याकडे नवरा सकाळी येतो तेव्हा मी झोपलेली असते. वही नसती तर त्याने लगेच दुसरा डोस दिला असता. दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर हवं.

जुलाब-उलट्यांसाठी ओआरएसची पाकिटं घरात असू द्या. काही पाकिटं एक लिटर पाण्याची असतात, काही फक्त 200 मिलीची. जेवढं पाणी पाकिटावर छापलंय तेवढंच घालायचं, अंदाजपंचे नाही. भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या थंड, वाहत्या पाण्याखाली. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

फ्रिजवरचा कागद

ए-फोर, मोठ्या अक्षरात. सगळ्यात वर इमर्जन्सी नंबर: युरोपात 112, अमेरिकेत 911, ब्रिटनमध्ये 999, ऑस्ट्रेलियात 000. त्याखाली आपला पत्ता स्थानिक भाषेत आणि शेजारी त्याचा उच्चार देवनागरीत. घाबरल्यावर माणूस स्वतःच्या गल्लीचं नाव विसरतं, आणि नव्याने आलेल्या आजोबांना ते मुळात म्हणताच येत नाही. मग मुलांच्या जन्मतारखा, वजनं, ॲलर्जी, रात्री लहान मुलांची इमर्जन्सी घेणाऱ्या हॉस्पिटलचं नाव, विषबाधेच्या हेल्पलाइनचा नंबर. आणि स्थानिक भाषेतली तीन वाक्यं: 'मूल श्वास घेत नाहीये', 'मुलाला फिट आलीय', 'मूल शुद्धीवर नाही'. ही घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला म्हणता आली पाहिजेत.

हॉस्पिटलात दुभाषा मागायला लाजू नका, बऱ्याच ठिकाणी तो फुकट मिळतो. आणि घरातल्या मोठ्या मुलाला, त्याला भाषा कितीही छान येत असली तरी, धाकट्याच्या आजारपणात दुभाषा बनवू नका. ते त्याच्या वयाचं काम नाही.

लसींचं कार्ड

प्रत्येक देशाचं वेळापत्रक वेगळं. मूल दोन देशांत थोडं-थोडं राहिलं की दोन्हीकडची कार्डं अर्धवट दिसतात. तारखा लिहिताना महिना अक्षरात लिहा, 'मार्च', 'एप्रिल' असा. 03/04 ही एका देशात तीन एप्रिल असते आणि दुसऱ्या देशात चार मार्च. सगळ्या पानांचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.

बीसीजी ही टीबीवरची लस अनेक देशांत सरसकट देत नाहीत, त्यामुळे दंडावरचा व्रण बघून नर्स बुचकळ्यात पडू शकते. टीबीच्या त्वचाचाचणीवरही या लसीचा परिणाम दिसतो, म्हणून चाचणीआधी सांगा. गोवराची पहिली लस काही देश नऊ महिन्यांना देतात, काही वर्षानंतर. बाळ सहा ते अकरा महिन्यांचं असताना गोवर असलेल्या भागात जायचं असेल, तर एक आगाऊ डोस देतात, पण तो नेहमीच्या दोन डोसांत धरला जात नाही. प्रवासाच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांची वेळ घ्या. तिकिटं काढल्याबरोबर, बॅग भरताना नाही.

अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज 400 युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब बऱ्याच देशांत सांगतात. लांब हिवाळ्याच्या देशात, सावळ्या कातडीच्या बाळांना तर ते चुकवू नका.

आणखी एक, जे कुणी आधी सांगत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर-करडे डाग असतात. काही वर्षांत ते आपोआप फिके होतात. पण ते कधी न पाहिलेल्या पाळणाघरातल्या बाईला तो मारल्याचा वण वाटू शकतो, आणि अनेक देशांत शिक्षकांना, डॉक्टरांना असा संशय कळवणं कायद्यानेच बंधनकारक असतं. पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना डाग दाखवा आणि मुलाच्या नोंदीत लिहून घ्या. पाळणाघरात घालतानाही सांगा. याच ओघात: मुलावर हात उगारणं स्वीडनने 1979 सालीच कायद्याने बंद केलं आणि नंतर साठाहून जास्त देशांनी. 'आम्ही पण मार खाऊनच मोठे झालो' ही सबब तिथे चालत नाही. माझ्या मते ती कुठेच चालू नये.

धरायला हात

दहा मिनिटं चालत जाता येईल असं एकच घर पकडा. शंभर जणांचा ग्रुप पत्ते विचारायला बरा, मूल धरायला नाही. ते घर आपल्याच भाषेचं असावं असा हट्ट धरू नका, लहान मुलं असलेलं असलं म्हणजे झालं. मागणी नेमकी करा. 'कधीतरी मदत लागेल' म्हटलं की लोक हसून मान हलवतात. 'मंगळवारी पाच ते सहा धाकट्याला ठेवाल का? गुरुवारी तुमची मी ठेवते' म्हटलं की उत्तर मिळतं. अडचण नसतानाच सुरुवात करा, म्हणजे मुलांना ते घर ओळखीचं होतं आणि अडचणीच्या दिवशी रडारड होत नाही.

त्या घरातल्या एका माणसाचं नाव पाळणाघराच्या आणि शाळेच्या यादीत 'मुलाला नेऊ शकणारे' म्हणून घाला. यादीत नाव नसलेल्या माणसाच्या ताब्यात सहसा मूल देत नाहीत, आणि तुम्ही ट्रेनमध्ये अडकला असाल तर फोनवरून ते समजावणं महाकठीण.

मग तो प्रश्न, जो नवरा-बायको टाळतात: दोघांनाही एकदम काही झालं तर? घरून कुणी येईपर्यंत, व्हिसा धरून, बरेच दिवस जातात. तेवढ्या काळासाठी मुलं कुणाकडे राहतील हे कागदावर नसेल तर सरकारी यंत्रणा ठरवते. इथलं एक नाव तात्पुरतं आणि घरचं एक नाव कायमचं, असं इथल्या कायद्यानुसार मृत्युपत्रात लिहून घ्या. एका संध्याकाळी बसून बोललं की होतं.

कागदांचंही थोडक्यात. इथे जन्मलेल्या बाळाची स्थानिक जन्मनोंदणी वेगळी आणि आपल्या दूतावासातली वेगळी, आणि दुसरीला मुदत असते. भारतासाठी ती जन्मापासून एक वर्षाची. एकट्या पालकाने मूल घेऊन प्रवास करायचा तर दुसऱ्याचं संमतीपत्र जवळ ठेवा.

भाषा आणि फोन

पाळणाघरात गेल्यावर काही आठवडे, कधी काही महिने, मूल तिथे तोंडच उघडत नाही. ऐकून साठवत असतं. आमची थोरली तिथे नुसती बोटाने दाखवायची आणि घराच्या दारात पाऊल टाकलं की धबधबा सुरू. यावर 'घरीही इथलीच भाषा बोला' असा सल्ला कुणी दिला तर मनावर घेऊ नका. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. पण दोन वर्षांचं झालं तरी कुठल्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द गळायला लागले, तर 'दोन भाषा आहेत ना' म्हणून थांबू नका, तपासून घ्या.

कार्टून लावून भाषा येईल हा भ्रम आहे. बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांनी 2003 साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: समोर बसलेल्या माणसाकडून मँडरिन (चिनी भाषा) ऐकलेली बाळं त्यातले ध्वनी ओळखायला शिकली, तेच टीव्हीवर दाखवलं तर काहीच शिकली नाहीत. मग आजीचा व्हिडिओ कॉल? 2014 सालच्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवर नवीन शब्द शिकली, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून नाही. फरक समोरून लगेच उत्तर मिळण्याचा. म्हणजे आजीने पाठवलेली क्लिप दहादा लावण्यापेक्षा आजीशी दहा मिनिटं बोलणं भारी.

पण 'बोल ना आजीशी, बोल ना' करून मूल बोलत नाही. आजीला काम द्या. आमच्याकडे फोन डब्याला टेकवून जमिनीवर ठेवतो, धाकटा ठोकळे रचतो आणि सासूबाई तिकडून विचारतात, 'लाल कुठे गेला? आता पाडणार वाटतं!' तो पाडतो, त्या ओरडतात, तो पुन्हा रचतो. मी तेवढ्यात कपड्यांच्या घड्या घालते. वेळ मुलाच्या झोपेवरून ठरवा, घड्याळावरून नाही. आणि एका देशात उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ पुढे-मागे होत असेल तर त्या आठवड्यात कॉल नेमका डुलकीत येतो, हे घरच्यांना आधीच सांगा.

'जा, झोप' म्हणणारं कुणी

हे काम नवऱ्याला द्या, किंवा बायकोला, आणि वेळ लिहून द्या. आमच्याकडे शनिवारी दुपारी मी दार लावून घेते. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, बाळाकडे बघवत नसेल, तर 'घरापासून लांब आहे म्हणून' असं म्हणून गप्प बसू नका, नर्सला सांगा. एडिनबर्ग स्केल नावाची दहा प्रश्नांची साधी चाचणी 1987 पासून वापरात आहे आणि ती अनेक भाषांत मिळते.

खरी आजी आली की

येण्याआधी त्यांचा प्रवासी विमा काढा, आणि जुना रक्तदाब, मधुमेह त्यात धरलाय का ते वाचून घ्या. शरीर नव्या वेळेला साधारण दिवसाला एक तास या गतीने रुळतं. त्यामुळे पहिला आठवडा मूल त्यांच्या एकटीच्या ताब्यात नको. या आठवड्यात त्यांना शेगडी, दाराचं कुलूप, धूर लागला की वाजणारा अलार्म आणि फ्रिजवरचा कागद दाखवा. नातवंडांची गाडी घेऊन पार्कपर्यंत एकदा तुम्ही त्यांच्याबरोबर चाला, दुसऱ्यांदा त्यांना पुढे चालू द्या. आणि त्यांच्या फोनमध्ये इथलं सिमकार्ड विमानतळावरून घरी येतानाच घाला.