एअर रायफलसाठी गुडघा-टेकू निवडताना आणि बनवताना या चुका टाळा

फील्ड टार्गेट या खेळात नेमबाज जमिनीवर किंवा बुटक्या उशीवर बसतो, गुडघे उभे ठेवतो आणि रायफलचा पुढचा भाग गुडघ्यावर टेकवून सुमारे ७ ते ५० मीटर अंतरावरची लोखंडी लक्ष्ये पाडतो. अशा बैठकीत डोळा रायफलवरील दुर्बिणीच्या रेषेत आला की दस्त्याची (नळीखालपासून खांद्यापर्यंतच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या भागाची) खालची कड आणि गुडघा यांच्यामध्ये काही सेंटिमीटरची पोकळी उरते. ही पोकळी भरून काढणारा, उंची कमीअधिक करता येणारा जोडभाग म्हणजे गुडघा-टेकू. बाजारात तो ‘नी-रेस्ट’ किंवा ‘हॅमस्टर’ या नावांनी मिळतो. त्याच्याविषयीच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गैरसमज असतो, तो म्हणजे टेकू रायफल उचलून धरण्यासाठी आहे हा. वास्तविक नेमबाजाच्या स्नायूंवर रायफल स्थिर ठेवण्याचे काम पडू नये, एवढ्यासाठीच तो असतो. म्हणून त्याचे माप आधी शरीरावरून घ्यावे लागते आणि रायफलचा विचार त्यानंतर येतो.

त्याआधी एक खुलासा. ऑलिंपिकमधील १० मीटर एअर रायफल हा प्रकार उभ्यानेच खेळला जातो, त्यामुळे तिथे गुडघा-टेकूला कामच नाही. ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात गुडघ्यावर बसून नेम धरताना घोट्याखाली जी गुंडाळी ठेवतात, ती २५ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर व्यासाच्या मर्यादेतील मऊ वस्तू असते. तिचा रायफलशी काहीही संबंध नसतो. या तीन गोष्टींची गल्लत करून खरेदी करणारे कमी नाहीत.

उंची न मोजता टेकू घेणे

दुसऱ्याच्या रायफलवर छान दिसलेला टेकू आपल्याला बसेलच असे नाही, कारण आवश्यक उंची ही मांडीची लांबी, पाठीचा बाक, बसायच्या उशीची जाडी आणि दुर्बीण नळीच्या किती वर बसवली आहे, या सगळ्यांवर ठरते. तीच उशी आणि तेच जाड कापड घालून, रिकाम्या रायफलसह बैठक घ्यावी, डोळे मिटून दोन-तीन शांत श्वास घ्यावेत आणि दस्ता व गुडघा यांच्यामध्ये लाकडी ठोकळे किंवा वह्या भरत जावे. डोळे उघडल्यावर दुर्बिणीतील चित्र पूर्ण दिसत असेल, मान ताणलेली नसेल आणि क्रॉसहेअर (दुर्बिणीतील नेम धरायची फुली) आपोआप लक्ष्याच्या उंचीवर येत असेल, तर त्या थराची जाडी हेच आपले माप होय. हा प्रयोग वेगवेगळ्या दिवशी करून सरासरी घेतलेली बरी, कारण पहिल्या दिवशी शरीर नव्या बैठकीला सरावलेले नसते.

माप मिळाल्यावर होणारी दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. समजा आपल्याला ९ सेंटिमीटर उंची लागते आणि निवडलेला टेकू ६ ते ९ सेंटिमीटरपर्यंत सरकतो. कागदावर तो पुरेसा वाटतो. परंतु लक्ष्य झाडावर उंच असेल किंवा उतारावर खाली असेल, तर उंची दोन्ही बाजूंना बदलावी लागते आणि वरच्या बाजूला जागाच उरलेली नसते. शिवाय गुडघ्यावर टेकणारी तळपट्टी ज्यांच्यावर वर-खाली होते, त्या दांड्या पूर्ण बाहेर आल्या की त्यांचा पकडीत राहिलेला भाग सर्वांत कमी असतो, म्हणजे हलण्याची शक्यता सर्वांत जास्त. आपली नेहमीची उंची सरकण्याच्या पल्ल्याच्या साधारण मध्यावर यावी, असाच टेकू निवडावा.

उंचीइतकीच पुढे-मागे सरकण्याची सोय महत्त्वाची आहे. गुडघा कुठे येणार हे पायाच्या लांबीवर ठरते, आणि टेकू एका जागी पक्का असेल तर नेमबाज नकळत पाय ओढून किंवा लांबवून त्याच्याशी जुळवून घेतो. मग मांडीचा स्नायू ताणलेला राहतो आणि काही मिनिटांत थरथरू लागतो. दस्त्याखाली लांब खाचेची पट्टी असेल, तर टेकू प्रथम रायफलच्या तोलबिंदूच्या आसपास ठेवून थोडे मागे-पुढे करून पाहावे. फार पुढे नेला तर खांद्याकडील भाग जड वाटतो आणि आधार देणाऱ्या हाताची ओढाताण होते. फार मागे आणला तर नळी खाली झुकते व ती वर धरून ठेवण्याचे काम पुन्हा हाताकडे येते.

ढिलाईकडे दुर्लक्ष करणे

घरी बनवलेल्या टेकूत हा दोष हमखास आढळतो आणि विकतच्या स्वस्त टेकूतही तो दुर्मीळ नाही. एकच गोल दांडी आणि बाजूने दाबणारा एक स्क्रू अशी रचना उंचीच्या दिशेने घट्ट वाटते, पण तळपट्टी दांडीभोवती किंचित फिरते. हे फिरणे रायफलच्या डावी-उजवीकडे कलण्यात उतरते आणि कलण्याची किंमत बरीच मोठी असते. आंतरराष्ट्रीय फील्ड टार्गेटमध्ये रायफलची ऊर्जा सुमारे १६ जूलपर्यंत मर्यादित असते; तेवढ्या ऊर्जेचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा ५० मीटरपर्यंत जाताना नळीच्या रेषेपासून साधारण २७ सेंटिमीटर खाली पडतो. रायफल फक्त २ अंश कलली, तर या पडण्याचा सुमारे साडेतीन टक्के भाग आडव्या दिशेने वळतो, म्हणजे छर्रा जवळजवळ ९ मिलिमीटर बाजूला जातो. लक्ष्य पडण्यासाठी छर्रा ज्या भोकातून जावा लागतो, ते त्या अंतरावर साधारण ४० मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत अवघे २० मिलिमीटर. निम्मी सूट वारा वाहण्याआधीच संपलेली असते.

उपाय सोपा आहे. दोन समांतर दांड्या वापराव्यात, किंवा एकच दांडी असेल तर तिच्यावर सपाट बाजू घासून स्क्रूचे टोक त्या सपाटीवर बसवावे. दाबणाऱ्या स्क्रूच्या टोकाला पितळेचा किंवा नायलॉनचा तुकडा द्यावा. पोलादी टोक अॅल्युमिनियमच्या दांडीत खड्डा पाडते आणि पुढच्या वेळी अर्धा मिलिमीटर वर-खाली करायचे असले, तरी स्क्रू घसरून त्याच जुन्या खड्ड्यात जाऊन बसतो. ‘घट्ट केला तरी जुन्याच जागी परत जातो’ ही तक्रार ऐकू आली, तर दांडी काढून तिच्यावर हे खड्डे शोधावेत.

दाबून धरण्याऐवजी आट्यांवर फिरणारी उंची हवी असेल, तर एम ६ मापाचा (६ मिलिमीटर व्यासाचा) स्क्रू सोयीचा पडतो, कारण त्याच्या आट्यांतील अंतर १ मिलिमीटर असते आणि अर्धा फेरा म्हणजे बरोबर अर्धा मिलिमीटर असा हिशेब राहतो. अॅल्युमिनियममध्ये टॅप मारताना (भोकात आटे पाडताना) आट्यांची लांबी स्क्रूच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट ठेवावी. पातळ पट्टीत मारलेले तीन-चार आटे काही महिन्यांत झिजतात. लाकडात तर थेट आटे मारूच नयेत, धातूचा आटेदार बूश (छोटी नळी) बसवावा.

तळपट्टी फार मऊ किंवा फार चिकट असणे

गुडघ्याला टोचू नये म्हणून जाड स्पंज लावणे ही समजण्यासारखी, तरीही चुकीची गोष्ट आहे. स्पंज वजनाखाली हळूहळू दबत राहतो. नेम धरून १५ सेकंद झाल्यावर रायफल सुरुवातीच्या उंचीवर नसते आणि तिला वर आणण्यासाठी नेमबाज खांदा किंवा मनगट वापरतो. म्हणजे ज्या श्रमापासून सुटका व्हावी म्हणून टेकू लावला, तेच श्रम परत येतात, आणि घोडा दाबताना स्नायू सैल पडले की छर्रा खाली जातो. दोन-तीन मिलिमीटर जाडीचे उलट्या बाजूचे चामडे, दाट कॉर्क किंवा पातळ निओप्रीन पुरेसे असते.

रबरासारख्या अति चिकट पृष्ठभागाची अडचण वेगळी आहे. रायफल ठेवताना ती थोडी वाकडी बसली तर कापड आणि रबर एकमेकांना धरून ठेवतात, आणि नेमबाज जोर लावून क्रॉसहेअर लक्ष्यावर आणतो. तो ताण तसाच साठून राहतो व छर्रा सुटताना मोकळा होतो. चामडे थोडे सरकते आणि मग थांबते, म्हणून या कामी मला ते रबरापेक्षा नेहमीच सरस वाटते.

तळपट्टीचा आकार गुडघ्याच्या गोलाईला ढोबळमानाने जुळणारा, उथळ बाकाचा असावा. साच्यातून काढल्यासारखी खोल खोबण बनवण्याचा मोह टाळावा, कारण तिच्यात गुडघा एकाच कोनात बसतो आणि लक्ष्याची दिशा बदलली की संपूर्ण बैठक नव्याने मांडावी लागते. दुर्बिणीतील चित्र हृदयाच्या ठोक्यांसोबत उडत असेल, तर टेकू मांडीच्या मऊ भागावर किंवा मनगटावर टेकत आहे का ते पाहावे आणि भार वाटीच्या हाडाजवळ आणावा.

साहित्य आणि जोडणीतील चुका

त्रिमितीय छपाईने टेकू बनवणे आता सोपे झाले आहे, मात्र पीएलए हे प्लास्टिक ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते आणि उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत त्याला तेवढे तापमान सहज गाठता येते. त्याहूनही त्रासदायक म्हणजे सततच्या दाबाखाली ते अगदी सावकाश आकार सोडते, त्यामुळे स्क्रूखालील भाग चेपतो आणि पकड ढिली होते. एएसए किंवा एबीएस अधिक उष्णता सोसतात. तरीही स्क्रूच्या डोक्याखाली रुंद धातूचा वॉशर हवाच, आणि छपाईचे थर दांडीच्या भाराला आडवे येऊन उकलणार नाहीत अशा दिशेने मांडावेत. लाकडात हेच तत्त्व रेषांना लागू पडते. जाड प्लायवूड या बाबतीत बरेच निर्धास्त असते.

सर्वांत गंभीर चूक छिद्र पाडताना होते. पीसीपी प्रकारच्या, म्हणजे आधीच दाबाने भरून ठेवलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलमध्ये दस्त्याच्या आत, अगदी वरच, हवेची टाकी असते आणि तिच्यात २०० बारच्या आसपास दाब असू शकतो. टेकूची पट्टी बसवण्यासाठी दस्ता सुटा करून, धातूचा सगळा भाग बाजूला ठेवूनच भोक पाडावे, उरलेल्या लाकडाची जाडी मोजावी आणि स्क्रूचे टोक आत डोकावणार नाही याची खात्री करावी. टाकीला किंवा नळीला पट्ट्याने टेकू बांधण्याचा विचारही करू नये. टाकीतील दाब कमी होत जातो तसा तिच्यावरील ताण बदलतो, मोकळ्या नळीवर भार आला तर ती वाकते, आणि दोन्ही प्रकारांत छर्रा लागण्याची जागा सरकते. टेकूची कोणतीही जुळवाजुळव करताना रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहून घ्यावे आणि नळी सुरक्षित दिशेलाच ठेवावी.

फील्ड टार्गेटमध्ये काही लक्ष्ये उभ्याने आणि काही गुडघ्यावर बसून पाडावी लागतात, हेही खरेदीच्या वेळी विसरले जाते. उभ्याने नेम धरताना हाच टेकू तळहातावर येतो आणि कोपर कमरेच्या हाडावर टेकते, तेव्हा लागणारी उंची बसलेल्या स्थितीपेक्षा निराळी असते. दांडीवर बारीक रेघा कोरून दोन्ही जागा नोंदवून ठेवाव्यात. भरीव पोलादाचा टेकू बसून छान स्थिर वाटतो, पण उभ्याने दंड भरून येतात. टेकूच्या खोलीवर स्पर्धेच्या नियमांत मर्यादा असू शकते आणि ती सगळीकडे सारखी नसते. धातू कापण्याआधी आपण खेळणार त्या संघटनेची चालू नियमावली पाहावी.

दोष नेमका कुठे आहे हे कसे ओळखावे

छर्रे विखुरले की सगळा दोष टेकूवर टाकण्यापूर्वी टेकू काढून, वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून एक गट (एकाच ठिकाणी नेम धरून ओळीने मारलेले काही छर्रे) मारून पाहावा. गट तिथेही विखुरला, तर छर्रे, नळी किंवा दुर्बिणीची पकड तपासावी. पिशव्यांवर गट लहान आणि बसून मोठा येत असेल, तर दोष टेकूत किंवा बैठकीत आहे. अशा वेळी आडवा पसरलेला गट बहुधा कलणे किंवा तळपट्टीचे फिरणे सुचवतो. उभा पसरलेला गट उंची दबणे, घसरणे किंवा गुडघा दर वेळी वेगळ्या जागी येणे सुचवतो. स्प्रिंगच्या रायफलबाबत ही परीक्षा थोडी फसवी ठरते. तिच्यात छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच धक्का सुरू झालेला असतो, त्यामुळे आधाराची जागा आणि त्याचा कठीणपणा बदलला की छर्रा लागण्याची जागाही बदलते. तिची तुलना करताना पिशवी टेकूच्याच जागी आणि तेवढ्याच दाटपणाची ठेवावी, आणि टेकूची पुढची-मागची जागा एकदा ठरल्यावर पुन्हा हलवू नये.

नवा टेकू बसवल्यावर गट लहानच राहिला, पण संपूर्ण गट एका बाजूला सरकला, तर दुर्बिणीचे डायल फिरवण्याची घाई करू नये. पट्टीचे स्क्रू अति घट्ट केल्यामुळे दस्ता किंचित वाकून धातूच्या भागावर दाब देत असण्याची शक्यता अधिक असते. ते स्क्रू पाव फेरा सैल करून पुन्हा गट मारावा. गट मूळ जागेकडे परतला, तर पट्टीची वरची बाजू सपाट घासून ती दस्त्याला सगळीकडे सारखी टेकेल अशी करावी, आणि दुर्बिणीचा झिरो, म्हणजे नेम आणि छर्रा लागण्याची जागा यांचा मेळ, त्यानंतरच तपासावा.