एक्सएसएलटी टेम्प्लेटने एक्सएमएलमधला हवा तेवढाच मजकूर कसा काढावा

एक्सएसएलटी ही एक्सएमएल फाइलचं रूपांतर करायची भाषा. तिच्यातल्या नियमांची फाइल म्हणजे स्टाइलशीट, आणि एकेका एलिमेंटसाठी (टॅगमधल्या भागासाठी) लिहिलेला नियम म्हणजे टेम्प्लेट. स्टाइलशीट लिहून ती चालवणाऱ्या प्रोसेसरला देता येते, हे गृहीत धरतो.

पायरी १. आउटपुटची पद्धत 'टेक्स्ट' ठेवा. नाहीतर वर एक्सएमएलची घोषणा येऊन बसते.

पायरी २. प्रोसेसर कोणत्या आवृत्तीचा आहे ते बघा. एक्सएसएलटीप्रॉक या प्रोसेसरला एक्सएसएलटीची १९९९ ची १.० आवृत्तीच कळते. सॅक्सन या दुसऱ्या प्रोसेसरच्या आजच्या आवृत्त्या २.० आणि ३.० चालवतात. नेटवरची उत्तरं आवृत्ती न सांगता दिलेली असतात, आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

पायरी ३. आता 'शीर्षक' एलिमेंटसाठी टेम्प्लेट लिहा आणि चालवा. शीर्षकांसोबत लेखक, किंमत, टिपा असा फाइलमधला सगळा मजकूर एका ढिगात बाहेर पडेल. मीही इथेच बराच काळ अडकलो होतो.

हा बिघाड नाही. तुम्ही एकही टेम्प्लेट लिहिलं नाही तरी एक्सएसएलटीचे अंगभूत नियम चालूच असतात: एलिमेंट भेटलं की त्याच्या पोटात शिरा, मजकूर भेटला की छापा. तुमचं टेम्प्लेट फक्त शीर्षकापुरतं या नियमांच्या आड येतं. बाकी फाइल त्यांच्याच ताब्यात राहते.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे 'टेक्स्ट()'साठी, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांसाठी, रिकामं टेम्प्लेट लिहा. सल्ला बरोबर आहे, पण घाईने पाळू नका. आधी त्या ढिगात तुमचं टेम्प्लेट खरंच लागतंय का ते तपासा. शीर्षकाआधी '###' छापायला सांगा. खूण दिसली नाही, तर टेम्प्लेट जुळतच नाहीये. अशा वेळी रिकामं टेम्प्लेट टाकलंत तर आउटपुट कोरं येईल आणि शोधायला धागाही उरणार नाही.

न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा नेमस्पेस असतं, म्हणजे सारख्या नावांची एलिमेंटं वेगळी ओळखता यावीत म्हणून त्यांना जोडलेला पत्ता. मूळ फाइलच्या पहिल्या एलिमेंटवर उपसर्गाविना नेमस्पेस जाहीर केलेली असेल, तर आतलं प्रत्येक उपसर्गहीन एलिमेंट त्या नेमस्पेसमध्ये जातं. तुमच्या टेम्प्लेटमधलं नुसतं 'शीर्षक' मात्र नेमस्पेस नसलेलं शीर्षक शोधत बसतं. स्टाइलशीटमध्ये तीच नेमस्पेस एखाद्या उपसर्गाला बांधा आणि 'क:शीर्षक' लिहा. उपसर्ग कोणताही चालेल, पत्ता अक्षरन् अक्षर तोच हवा; शेवटची तिरकी रेघसुद्धा मोजली जाते. 'लोकल-नेम()' (नेमस्पेस सोडून नुसतं नाव देणारं फंक्शन) वापरून नेमस्पेसला वळसा घालण्याची युक्ती मला अजिबात पसंत नाही. दुसऱ्या नेमस्पेसमधलं त्याच नावाचं एलिमेंटही ती मुकाट्याने उचलते.

खूण दिसली की मग खुशाल 'टेक्स्ट()' गप्प करा. 'व्हॅल्यू-ऑफ' (मजकूर थेट छापणारी सूचना) त्यानंतरही चालतं, कारण ते टेम्प्लेटच्या वाटेने जात नाही. 'अप्लाय-टेम्प्लेट्स' (आतल्या भागांना टेम्प्लेटं लावणारी सूचना) मात्र त्याच वाटेने जातं, म्हणून तेही मुकं होतं. त्यासाठी मोड, म्हणजे टेम्प्लेटांचा नाव दिलेला वेगळा गट, वापरा: शीर्षकाच्या टेम्प्लेटमधून 'मजकूर' नावाच्या मोडमध्ये 'अप्लाय-टेम्प्लेट्स' करा. तिथे अंगभूत नियम पुन्हा छापायला लागतात. शीर्षकातली तळटीप नको असेल, तर त्याच मोडमध्ये 'टीप'साठी रिकामं टेम्प्लेट लिहा.

पायरी ४. तळटिपेची भानगड नसेल तर 'व्हॅल्यू-ऑफ' पुरेसं आहे, पण त्यात 'टेक्स्ट()' नको, '.' (म्हणजे ते अख्खं एलिमेंट) लिहा. समजा शीर्षक असं आहे:

<शीर्षक>झाडांची <ठळक>सोपी</ठळक> ओळख</शीर्षक>

'टेक्स्ट()' मागितलंत तर १.० मध्ये फक्त 'झाडांची' मिळेल, कारण तिथे पहिलाच नोड (मजकुराचा तुकडा) घेतला जातो. २.० मध्ये 'ओळख'ही येईल, पण 'सोपी' गायबच. '.' लिहिलंत तर दोन्हीकडे पूर्ण वाक्य मिळतं.

पायरी ५. मोकळ्या जागा 'नॉर्मलाइझ-स्पेस(.)'ने आवरा. 'स्ट्रिप-स्पेस' (नुसत्या मोकळ्या जागेचे तुकडे काढून टाकणारी सूचना) सगळ्या एलिमेंटांवर लावू नका. ठळक शब्दाला लागून तिरपा शब्द असेल, तर त्यांच्यामधली एकुलती एक जागा ते खातं आणि दोन शब्द चिकटतात. नोंदींच्या नुसत्या वेष्टन-एलिमेंटांची नावं देऊन तेवढ्यांवरच लावा.

पायरी ६. प्रत्येक शीर्षकानंतर 'टेक्स्ट' सूचनेत '&#10;' घाला, म्हणजे पुढचं शीर्षक नव्या ओळीवर येईल.